लग्नाच्या फोटोंचे प्रूफ (अल्बमसाठी निवडायला दाखवायचे नमुने): घरी बसून सगळ्यांना दाखवायचे की लिंक टाकून मोकळं व्हायचं?

सांगलीचा_फोटोवाला (धागाकर्ता):
परवा दुसऱ्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं, "फोटोग्राफर प्रूफ दाखवायचे सोहळे मांडतात ते अल्बमची पानं वाढवायला. सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर द्या आणि विषय संपवा." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

दोन कॅमेरे लावले की एका लग्नाचे चार-पाच हजार फोटो होतात. ते सगळे लिंकवर टाकले की पुढे काय होतं हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. पहिल्या रात्री नवरा-नवरी हळदीपर्यंत पोचतात. मग फिरायला जाणं, मग नोकऱ्या. सिलेक्शन वर्ष-वर्ष येत नाही, आणि पहिल्या वाढदिवसाला फोन येतो, "आमचा अल्बम कुठंय?"

मी आधी डोळे मिटलेले, हललेले, एकाच क्षणाचे दहा-दहा आलेले काढून टाकतो. उरलेले विधीप्रमाणे लावतो: हळद, सीमांतपूजन, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख, पाठवणी. त्यातले निवडक दोन-अडीचशे ४ × ६ मध्ये प्रिंट करतो, मागे पेन्सिलीनं नंबर घालतो आणि मुलीच्या माहेरी जाऊन सतरंजीवर पसरतो. बाकीचे टीव्हीवर. आजी एक फोटो उचलते आणि म्हणते, "ही मिरजेची आत्या, गुडघे धरून आली होती, हिचा एक तरी घ्या." नवऱ्यामुलाला ती आत्या ओळखूसुद्धा येत नाही. फोनवर त्यानं तो फोटो क्षणात पुढे ढकलला असता. माझा सगळा खटाटोप त्या आत्यासाठी आहे.

नाशिकची_नवरी:
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणेन. आमच्याकडे अशीच बैठक झाली, फक्त सासरी. दिवाणखान्यात मामेसासऱ्यांपर्यंत सगळे. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि बाहेर माझ्या लग्नाचे फोटो निवडले जात होते. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींचा एक फोटो अल्बममध्ये नाही. सासऱ्यांच्या ऑफिसातल्या लोकांची मात्र दोन पानं आहेत. प्रत्येक जण "हापण घ्या, तोपण घ्या" म्हणत गेला आणि ठरलेल्या पानांच्या वर जी पानं गेली त्यांचे पैसे माझ्या वडिलांनी भरले. आत्या महत्त्वाची, मान्य. नवरीचं काय?

सांगलीचा_फोटोवाला:
ताई, जादा पानाचा दर आधी लिहून द्यायचा असतो. मी बुकिंगच्या कागदावरच लिहितो. तुमच्या फोटोग्राफरनं दिला नसेल तर ती त्याची चूक, पद्धतीची नव्हे.

कलम_सतरा:
मूळ मुद्दा मालकीचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ (ब): पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. फोटोवर भलंमोठं नाव छापून प्रूफ दाखवणारे आणि "पूर्ण पैसे आल्याशिवाय फाईल नाही" म्हणणारे, दोघांनीही हे वाचावं.

क्लिकवाला_पुणे:
वकीलसाहेब, "उलट करार नसेल तर" हे शब्द तुम्हीच लिहिलेत. आम्ही करार करतो. राहिली फाईल. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली दुरुस्ती न केलेली मूळ फाईल, पंचवीस-तीस एमबीची, चार हजार म्हणजे शंभर जीबीच्या वर. गूगलवर फुकट जागा १५ जीबी. आणि रॉ उघडली की रंग मरगळलेले दिसतात. मग लोक म्हणतात, फोटोग्राफरनं वाट लावली. आम्ही नवरीला आधी एकटीला लिंक देतो, ती आवडलेल्या फोटोंवर हार्ट मारते, मग घरच्यांना दुसरी लिंक. सकाळच्या विधींचे तीस-चाळीस फोटो संध्याकाळी रिसेप्शनला एलईडी पडद्यावर फिरवतो. सतरंजी वगैरे जुनं झालं.

लॅबवाले_काका:
कागदाला जुना म्हणू नका. फोनची स्क्रीन आतून उजेड टाकते, कागद टाकत नाही. फोनवर पास केलेला फोटो १२ × ३६ च्या पानावर गडद येतो आणि शिव्या लॅबला बसतात. छोटा का होईना, प्रिंट बघून पास केलेला अल्बम माझ्याकडे सहसा परत येत नाही. परत येतो तो एकाच वाक्यानं: "नवरी काळी आलीय, उजळ करा."

परभणीकरीण:
काका, त्या वाक्यावर मला बोलायचंय. मी सावळी आहे. माझे प्रूफ आले तेव्हा त्यात दुसरीच मुलगी होती. कोणी सांगितलं नव्हतं, फोटोग्राफरनं आपल्या मनानं उजळवलं. माझ्या लक्षात कसं आलं सांगते. मागच्या तोरणातला झेंडू पिवळट पांढरा पडला होता आणि बोरमाळेचं सोनं पितळेसारखं दिसत होतं. कपाळावरच्या मुंडावळ्यांचे मोती आणि माझं कपाळ जवळजवळ एका रंगाचं! मी "माझा रंग परत द्या" म्हटलं तर मला म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना असंच आवडतं."

क्लिकवाला_पुणे:
आवडतंच. दहातल्या नऊ घरांत पहिली सूचना तीच असते, आणि देणारी बहुतेक वेळा नवरीची आई. आम्ही धंदा करायचा की समाज सुधारायचा?

परभणीकरीण:
माझ्या आईनं सांगितलं नव्हतं. तिचाही रंग तोच आहे. तुम्ही न विचारता मुलीचा चेहरा बदलता आणि वर तिच्या आईवर ढकलता?

नाशिकची_नवरी:
+१. याला सेवा म्हणू नका.

क्लिकवाला_पुणे:
हॉलचे पिवळे हॅलोजन, स्टेजवरचे निळे-जांभळे एलईडी, त्यात मेकअप मानेपेक्षा दोन छटा उजळ. खरा रंग कुठला हे आम्ही कसं ठरवायचं? एसी ऑफिसात बसून बोलणं सोपं आहे.

परभणीकरीण:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एसी नाही. खरा रंग ठरवायला हातांकडे बघा. मेहंदीच्या हातांना मेकअप नव्हता.

लॅबवाले_काका:
हे दुखणं डिजिटलच्या आधीचं. रोलच्या काळात प्रिंटच्या मशीनचा रंग जुळवायला कोडॅककडून नमुन्याचं कार्ड यायचं, शर्ली कार्ड म्हणायचे. त्यावर गोरी बाई. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. मग आपली माणसं कशी यायची? एकतर कोळसा, नाहीतर फिक्कट. चांगला ऑपरेटर प्रत्येक निगेटिव्हला हातानं दुरुस्ती द्यायचा. आता कॉम्प्युटरवर नारिंगी रंगाची पट्टी सरकवली की कातडी उजळते, पण सोनं आणि झेंडूही त्याच पट्टीत येतात. ताईंनी बरोबर पकडलं. फक्त चेहरा निवडून करता येतं, पण चार हजार फोटोंना तेवढा वेळ कोण देतो?

क्लिकवाला_पुणे:
ठीक आहे. न विचारता करू नये, एवढं मान्य. पण घरच्यांनी सांगितलं तर मी करणार. पैसे ते देतात.

कलम_सतरा:
चेहरा तिचा, पैसे बापाचे. नवरीचं नाव करारात घाला, म्हणजे सही तिची लागेल.

सांगलीचा_फोटोवाला:
धागा प्रूफचा होता, परत तिकडे येतो. परभणीच्या ताईंच्या बोलण्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. प्रिंट हातात होता म्हणून झेंडू शेजारच्या कपाळाशी ताडून बघता आला. दिवसाच्या उजेडात, कागदावर बघा.

परभणीकरीण:
मी फोनवर बघितलं होतं. झूम करून.

सांगलीचा_फोटोवाला:
बरं. मग सांगतो काय करायचं. पहिली लिंक नवरीला एकटीला, पुण्याचे क्लिकवाले देतात तशी, आठ दिवस. तिनं हार्ट मारलेले फोटो बैठकीत कोणी काढायचे नाहीत, त्यांची पानं आधी बाजूला. उरलेल्या पानांसाठी सतरंजी. आणि प्रत्येक विधीचा एक फोटो रंगाला हात न लावता ठेवायचा, शेजारी दुरुस्त केलेला. पण बैठक मी सोडणार नाही. लिंकवरून कुठल्या आजीनं कुठल्या आत्याचं नाव सांगितलंय, मला दाखवा.

नाशिकची_नवरी:
बैठक माहेरी एकदा आणि सासरी एकदा, वेगवेगळी. आणि त्या दिवशी चहा दुसऱ्या कोणीतरी करायचा. हे कबूल असेल तर माझा विरोध मागे.

क्लिकवाला_पुणे:
दोन बैठका आणि अडीचशे प्रिंट! त्याचा खर्च कोण देणार?

सांगलीचा_फोटोवाला:
पॅकेजमध्ये धरा. ड्रोनचे पैसे मागताना कुठं लाजतो आपण?