9 मिमी पिस्तुलं नेमबाजांसाठी खुली करावीत का?

मुठाकाठ (धागाकर्ता)

पुण्यातली बालेवाडीची नेमबाजी रेंज आणि महाराष्ट्रातून निघालेले नेमबाज यावर चर्चा भरपूर होते. पण नेमबाजीचा एक मोठा प्रकार आपल्याकडे कायद्याच्या दारातच अडकून पडलाय, तो म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि जागा बदलत, आडोशांमागून, कागदी नि लोखंडी टार्गेटांवर घड्याळाशी शर्यत लावून मारायचं. याची जागतिक संघटना आयपीएससी 1976 साली मिसुरीतल्या कोलंबियात स्थापन झाली.

अडचण अशी. या खेळात काडतुसाला किमान ताकद लागते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. उत्तर 125 च्या खाली आलं तर गुण धरत नाहीत. 124 ग्रेनची 9 मिमी 1050 फुटांनी सुटली तर 130 येतात, म्हणजे बसलं. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या .32 रिव्हॉल्व्हरचं घ्या: 98 ग्रेन, वेग साधारण 750 फूट. उत्तर 73 आणि काहीतरी. शिवाय गोळीचा व्यास निदान 9 मिमी हवा, तिथेही .32 बाद.

आणि 9 मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). 2020 च्या अधिसूचनेनुसार नामांकित नेमबाज 12 पर्यंत शस्त्रं ठेवू शकतो, पण या खेळात चालणारं 9 मिमी पिस्तूल त्यात बसत नाही. माझं म्हणणं एवढंच की क्लबचा सदस्य, ठराविक सराव आणि तपासणी या अटींवर 9 मिमी खेळासाठी खुली करावी आणि पुण्यात सुरू करू. मतं मांडा.

नियमावली

विरोध. आणि कारण भावनिक नाही.

बंदी 9 मिमी या आकड्यावर नाही. लष्कर-पोलिसांचं काडतूस ज्यात बसतं त्या शस्त्रांवर आहे. म्हणूनच .303 रायफल आणि .455 रिव्हॉल्व्हरही त्याच यादीत आहेत. सरकारी कोठारातून गळलेलं काडतूस खासगी पिस्तुलात चालू नये, हा ब्रिटिशांपासूनचा हिशोब. तो आजही लागू पडतो, कारण पोलिसांची पिस्तुलं आणि कार्बाइन 9 मिमीच आहेत. एका लांब स्टेजला (सामन्यातल्या एका टप्प्याला) 32 राउंड जातात. सामन्यात अशा आठ-दहा स्टेज, सरावाला त्याच्या कित्येक पट. इतक्या काडतुसांची आणि रिकाम्या पुंगळ्यांची नोंद कोण ठेवणार? पोलीस ठाण्यातला हवालदार?

अजून एक. हा परवाना पुण्याचे पोलीस आयुक्त देऊच शकत नाहीत. प्रतिबंधित बोअरचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. त्यामुळे 'पुण्यात सुरू करू' हे वाक्यच चुकीच्या खिडकीवर उभं आहे.

पुंगळी

नियमावली, गळतीचा मुद्दा मान्य, पण तो काडतुसाचा आहे, पिस्तुलाचा नाही. मग काडतूसच रेंजवर द्या, मोजून द्या, पुंगळ्या मोजून परत घ्या. 30 दिल्या, 30 पुंगळ्या आल्या, तरच पुढची पेटी. पिस्तूलही तिथल्याच तिजोरीत. सिंगापूरमध्ये क्रीडानेमबाजांची शस्त्रं क्लबच्या शस्त्रागारात राहतात, घरी जात नाहीत. एवढ्या कडक देशात जे चालतं ते इथे का नको?

नियमावली

मोजून परत घ्या म्हणणं सोपं. ऑटो पिस्तुलाच्या पुंगळ्या दोन-तीन मीटर उडतात. स्टेजवर खेळाडू पळतोय, मागे रेंज ऑफिसर पळतोय, पुंगळ्या खडीत आणि गवतात. 32 पैकी 32 परत मिळवून दाखवा. सिंगापूर हे एका शहराएवढं राज्य आहे, क्लब हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. तुलना जरा जपून करा.

कोथरूडची_हवा

मला हा खेळच पटत नाही. पळत पळत माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर गोळ्या झाडणं म्हणजे खेळ कसला, ती चकमकीची तालीम. आपल्याला ऑलिंपिक पदकं कशात मिळाली? बिंद्राचं 2008 चं सुवर्ण 10 मीटर एअर रायफलमध्ये, विजय कुमारचं 2012 चं रौप्य .22 रॅपिड फायरमध्ये, स्वप्नील कुसाळेचं 2024 चं कांस्य 50 मीटर .22 मध्ये. पैसा आणि जागा तिकडेच जायला हवी. ब्रिटनने 1996 च्या डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर 1997 साली पिस्तुलं जवळपास सगळी बंद केली, .22 सुद्धा. तिथली नेमबाजी मेली नाही.

मुठाकाठ

मेली नाही, पण लंगडली. ब्रिटनचे पिस्तूल नेमबाज सरावाला परदेशात जात होते. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुलला आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकला पिस्तूल स्पर्धांसाठी खास सवलत काढावी लागली. प्रॅक्टिकलवाले तिथे शॉटगन आणि .22 रायफलवर वळले. खेळ उरला, पिस्तूल गेलं.

आणि 'चकमकीची तालीम' हे गुणपद्धत न पाहता केलेलं विधान आहे. टार्गेटच्या मधल्या भागाला 5 गुण, बाजूला 3, कडेला 1. एकूण गुण भागिले सेकंद, तो हिट फॅक्टर. समजा 12 राउंडची स्टेज आहे. एकाने 52 गुण 6.5 सेकंदांत घेतले, फॅक्टर 8. दुसऱ्याने 58 घेतले, पण 8 सेकंद लागले, फॅक्टर 7.25. इथवर वेगवान माणूस पुढे. पण त्याची 5 गुणांची एक गोळी हुकली तर तिचे गुण जातात आणि वर 10 चा दंड बसतो. तो 37 वर येतो, फॅक्टर 5.69, आणि खाली घसरतो. अंदाधुंद मारणारा या खेळात जिंकत नाही.

रेंज_बांध

तुम्ही सगळे कायद्यावर बोलताय, जमिनीवर कोणी बोलत नाही.

बालेवाडीची रेंज 10, 25 आणि 50 मीटरच्या ठरलेल्या जागांची आहे. नेमबाज उभा राहतो, नळी एकाच दिशेला असते. प्रॅक्टिकलला तिन्ही बाजूंनी मातीचा बांध घातलेला चौक लागतो, इंग्रजी यू सारखा. कारण खेळाडू दोन्ही बाजूंना 90 अंशांपर्यंत वळतो. नळी त्यापलीकडे गेली की तत्काळ बाद. बाजूचे बांध नसले तर एका चुकीच्या गोळीला अडवायला काहीच नाही. आता बालेवाडीभोवती चारी बाजूंना टॉवर उभे आहेत, तिथे मोकळ्या चौकात 9 मिमी चालवणार का?

लोखंडी टार्गेटवर मारताना किमान 7 मीटर अंतर लागतं, नाहीतर शिशाचे तुकडे उलटे येतात. खड्डे पडलेली प्लेट सपाट प्लेटपेक्षा जास्त धोकादायक, कारण खळग्यातून तुकडा सरळ मागे फिरतो. प्लेट थोडी पुढे झुकवून बसवतात, म्हणजे तुकडे मातीत जातात. हे सांभाळायला शिकलेले रेंज ऑफिसर लागतात आणि ते आयात करता येत नाहीत.

माझं मत: 9 मिमी उद्या खुली झाली तरी निदान पाच वर्षं पुण्यात सामना घेण्याजोगी जागा नाही. आधी जागा, मग बोअर.

वेताळ_टेकडी

आधी जागा म्हणता, पण जो खेळ कायद्याने शक्यच नाही त्यासाठी जागा कोण देणार? अंडं आणि कोंबडीचा प्रश्न झाला हा.

ऑस्ट्रेलियाकडे बघा. 1996 ला पोर्ट आर्थरमध्ये 35 माणसं मारली गेली, त्यानंतर त्यांनी साडेसहा लाखांहून जास्त शस्त्रं परत विकत घेतली. 2002 मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा पिस्तुलांवर मर्यादा आल्या: सेमी-ऑटोची नळी निदान 120 मिमी, मॅगझिन 10 राउंडचं, आणि बहुतेक प्रकारांना .38 च्या वरचं बोअर बंद. 9 मिमी मात्र .38 च्या आत बसते, म्हणून प्रॅक्टिकल शूटिंग चालू राहिलं. फक्त 32 राउंडच्या स्टेजला निदान तीनदा मॅगझिन बदलावं लागतं, एवढा फरक. खिशात मावेल असं छोटं पिस्तूल बंद, खेळाचं लांब पिस्तूल चालू. बंदी कुठे मारायची हे त्यांनी नीट ठरवलं. आपण सरसकट बोअरवर मारली.

कोथरूडची_हवा

आणि कॅनडा? तिथे ऑक्टोबर 2022 पासून पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठली. सवलत फक्त ऑलिंपिक-पॅरालिंपिक प्रकारांतल्या खेळाडूंना. आयपीएससीला नाही. म्हणजे प्रगत देशही शेवटी माझ्याच मुद्द्यावर आले.

वेताळ_टेकडी

आले, आणि परिणामही बघा. जुन्यांकडे पिस्तूल आहे, नव्याला ते घेता येत नाही. खेळात भर पडायची थांबली की काय होतं ते सांगायला कॅनडाला जायला नको, आपल्याकडच्या बंद पडलेल्या तालमी बघा.

सदाशिव_शेजारी

जर्मनीत 18 वर्षं पूर्ण झाली की पिस्तूल मिळतं आणि आपल्याकडे तीन शस्त्रं ठेवता येतात, मग आपणच उदार नाही का?

पुंगळी

दोन्ही चूक, साहेब. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोन शस्त्रं, तीन नव्हे. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. आणि जर्मनीत क्रीडानेमबाजाला मोठ्या बोअरचं पिस्तूल 21 नंतर मिळतं. 25 च्या आत असाल तर पहिल्या शस्त्राआधी मानसिक तपासणीचा दाखला लागतो. त्याआधी निदान 12 महिने मान्य क्लबचं सदस्यत्व आणि नोंदलेला सराव: महिन्याला एकदा किंवा वर्षभरात 18 वेळा. सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त शस्त्रं घेता येत नाहीत. घरी प्रमाणित तिजोरी हवी आणि अधिकारी न सांगता तपासायला येऊ शकतात. 2009 ला विनेंडनच्या शाळेतल्या गोळीबारात मुलाने वापरलेलं पिस्तूल वडिलांचं होतं आणि तिजोरीबाहेर पडलेलं होतं, त्यातून ही तपासणी आली.

मला हाच नमुना पटतो. 'खेळाडू आहे' हा शिक्का एकदा मिळाला की संपलं, असं नाही. सरावाची वही भरत राहावी लागते.

नियमावली

जर्मनीची वही कोण भरतं? क्लब. आपल्याकडे ती वही दर शनिवारी नीट भरेल की वर्षाअखेरीस एकाच पेनाने, हे तुम्हीच सांगा.

पुंगळी

हे मात्र बिनतोड. एकाच पेनाने भरलेल्या वह्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात.

खडकी_बाजार

वाद दोन्ही बाजूंनी छान रंगलाय, पण कायदा बदलेपर्यंत करायचं काय? परवान्याशिवाय जे चालतं त्यातून सुरुवात होते. 4.5 मिमीची आणि 20 जूलच्या आतली एअर पिस्तुलं 2016 च्या नियमांनुसार परवान्याशिवाय मिळतात. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दुकानात द्यावा लागतो. हाँगकाँगला तर खऱ्या पिस्तुलाऐवजी एअरसॉफ्टवर (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या पिस्तुलांवर) हा खेळ इतका वाढला की 2018 ला अ‍ॅक्शन एअरचा, म्हणजे या एअरसॉफ्ट प्रकाराचा, पहिला वर्ल्ड शूट (जागतिक सामना) तिथेच झाला. तिथे 2 जूलच्या आतलं एअरसॉफ्ट कायद्याने शस्त्रच धरत नाहीत.

मात्र सीओटू पिस्तूल घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, स्टीलचे गोल बीबी (छर्रे) लोखंडी प्लेटवर वापरू नका, ते जवळपास तेवढ्याच जोरात परत येतात. शिशाचे पेलेट चपटे होतात. चष्मा तरीही सगळ्यांना, बघ्यांनाही. दोन, 12 ग्रॅमच्या नळकांड्यात द्रव सीओटू असतो. भराभर मारलं की तो वायू होताना थंड पडतो, दाब उतरतो आणि शेवटच्या गोळ्या खाली लागतात. लोक साइट फिरवत बसतात, दोष साइटचा नसतो. 30 अंशांना दाब साधारण 72 बार असतो, 10 अंशांना 45. म्हणजे जानेवारीच्या सकाळी बसवलेला नेम एप्रिलच्या दुपारी चालणार नाही. स्टेज सहा-आठ गोळ्यांची ठेवा, मधे दोन मिनिटं जाऊ द्या.

रेंज_बांध

याला मात्र माझा होकार आहे, आणि एक भर. एअर पिस्तूल असलं तरी शिस्त खऱ्याचीच ठेवा. हलताना आणि मॅगझिन बदलताना बोट चापाबाहेर. शेवटी रिकामं करून दाखवायचं, मग रिकाम्यावर चाप ओढायचा, मगच होल्स्टर. सेफ्टी एरियात (रिकामं पिस्तूल हाताळायच्या ठरलेल्या जागेत) पिस्तूल हाताळा, पण तिथे पेलेटचा डबा उघडायचा नाही, डमी काडतूसही नाही.

कोथरूडची_हवा

एअर पिस्तुलाला माझा विरोध नाही. फक्त पुठ्ठ्याला डोकं कापू नका, चौकोनी ठेवा.

मुठाकाठ

चौकोनी ठेवू. आत 5, 3, 1 चे पट्टे मात्र आखणार.