घाटात ६० ची मर्यादा: गरजेची की पावती फाडायची सोय?

चौथा_गिअर
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीवर ताशी १०० किमी आणि बोरघाटात ६०. जड वाहनांना घाटात ४०, अशी मर्यादा लावली गेली. घाटातले हे आकडे रस्त्यावर मोजून काढलेले वाटत नाहीत. मोजायची रीत सगळ्या वाहतूक अभियंत्यांना पाठ आहे. कोरड्या दिवशी, गर्दी नसताना, रडार गनने कोणामागे न अडकलेल्या निदान शंभर गाड्यांचे वेग टिपायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि ज्या वेगाच्या आत ८५ टक्के गाड्या बसतात तो आकडा आधाराला घ्यायचा. बहुसंख्य गाड्या मर्यादा मोडत असतील तर आधी आकडा तपासा, पावत्या नंतर फाडा.

उतार_सावकाश
८५ टक्क्यांची रीत सरळ, सपाट रस्त्यासाठी बरी. घाटात चालकाला पुढच्या वळणाआड काय उभं आहे ते दिसतच नाही, मग त्याने निवडलेला वेग प्रमाण कसा मानायचा? रस्त्यांची प्रमाणं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्यात गाडी थांबायला लागणारं अंतर ६० च्या वेगाला ८० मीटर, ८० ला १२० आणि १०० ला १८० मीटर धरलंय. त्यात चालकाने बघून ब्रेक दाबेपर्यंतचे अडीच सेकंदही आले. शिवाय हे सपाट रस्त्याचं गणित आहे, उतरणीला अंतर आणखी वाढतं.

ट्रकच्या ४० चं कारण तर उघड आहे. भरलेला ट्रक खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेकचे ड्रम तापतात आणि लायनर धरेनासे होतात. पेडल सारखं पंप केलं तर एअर ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते, ते वेगळंच. म्हणून ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला इंजिनचा ब्रेक मिळतच नाही. एकदा वेग हाताबाहेर गेला की खालचा गिअर पडत नाही.

चौथा_गिअर
उतरणीचं मान्य. पण चढणीला ब्रेक तापत नाहीत! तिथे भरलेला ट्रक २०-२५ च्या वर जातच नाही आणि रिकामा सहज ५० ने चढतो. त्याला ४० वर अडवलं की भरलेल्याला ओलांडताना तो मधली लेन किती तरी वेळ धरून बसतो, मागच्या कार डावी-उजवी करत राहतात. लेन बदलताना होणाऱ्या धडका तिथूनच सुरू होतात. दुसरं, १०० वरून थेट ६० कशाला? मध्ये ८० चा टप्पा आणि पुरेसं अंतर द्या. नाहीतर पहिल्या कॅमेऱ्याखाली सगळे करकचून ब्रेक मारणारच.

कलम_वाचा
आकडा कोणाच्या अधिकारात आहे ते आधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. कमाल वेग केंद्र ठरवतं. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत कारला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि पालिका हद्दीत ७० दिले होते. (२०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली, तो वेगळा विषय.) पोटकलम २ नुसार सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्या-पुलाचं स्वरूप पाहून राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी वेगावर निर्बंध घालू शकतो. त्यासाठी अधिसूचना हवी आणि फलकही हवा, एकावर भागत नाही. अधिसूचनेतून सूट फक्त एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला.

चलन आलंच तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ काढा. फोटोत नंबरप्लेट स्पष्ट हवी. यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं. यंत्राचं मान्यता प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण केलेलं हवं. सूचना १५ दिवसांत यायला हवी. कॅमेरा असल्याचा फलक आधी लावणंही बंधनकारक आहे. कलम १८३ प्रमाणे दंड हलक्या वाहनाला १,००० ते २,०००, मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,०००. एकट्या हवालदाराने नजरेने ठरवलेल्या वेगावर शिक्षा होत नाही, यंत्राचा आधार लागतो.

सर्व्हिस_रोड
सगळा काथ्याकूट द्रुतगती मार्गाचाच! राज्य मार्ग गावातून जातो तिथे शाळेसमोर फलकाचा पत्ता नसतो, असला तरी बाभळीआड. मग गावकरी रातोरात डांबराचा उंचवटा टाकतात. प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, तो २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येतो. गावातला असतो जेमतेम दीड फूट रुंद. त्यावर दुचाकी उडते, ट्रकचे पाटे तुटतात आणि रात्री पांढरे पट्टे नसले तर तोच अपघाताचं कारण होतो.

उतार_सावकाश
मुद्दा रास्त आहे, पण धागा घाटाचा. @चौथा_गिअर, करकचून ब्रेक मारण्यावर उपाय सरासरी वेगाचा कॅमेरा. कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमध्ये १० किलोमीटर असतील तर ६० ने १० मिनिटं लागायला हवीत. साडेसात मिनिटांत पोचलात तर सरासरी ८० झाली, कमानीखाली कितीही हळू झालात तरी.

चौथा_गिअर
चालेल की. मग चढणीला रिकाम्या ट्रकला ५० द्या.

कलम_वाचा
देता येईल. पण अधिसूचनेत दिशा लिहावी लागेल: पुणे वाहिनी, किमी अमुक ते अमुक, आणि फलकही प्रत्येक वाहिनीला वेगळे. शिवाय ट्रक रिकामा की भरलेला हे कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे ५० दिले तर सगळ्यांनाच.

चौथा_गिअर
द्या सगळ्यांना. भरलेला तसाही २५ नेच चढणार.

उतार_सावकाश
चढणीला हरकत नाही. मुंबई वाहिनीला ४० च.