रानमोडी काढल्यावर तिथे काय लावावं?

मंडळी, मदत हवी आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आमचं थोडं पडीक रान आहे. तिथे रानमोडी (झुडपासारखं वाढणारं तण) पुरुषभर वाढली आहे. पान चुरगळलं की उग्र वास येतो, गुरं तोंड लावत नाहीत. खाली गवताची काडी उरली नाही. कारवी तेवढी ओढ्याकाठी तग धरून आहे. गेल्या साली रानमोडी कोयत्याने तोडली, तर पावसात एकेका बुडख्यातून चार-चार फुटवे आले! हिवाळ्यात फुलते आणि मग म्हातारीसारखं बी वाऱ्यावर थेट जंगलात जातं, त्याचीच जास्त काळजी वाटते. ओल असताना मुळासकट उपटून कुणाला फरक पडलाय का? तणनाशक नको, ओढा जवळ आहे. आणि मोकळ्या जागेत आधी गवत येऊ द्यावं, की हिरडा, जांभूळ, गेळा लगेच लावावा?