व्हिटॅमिन डी घेतलं म्हणून थायरॉईडची गोळी (कार्बिमाझोल) सुटत नाही

फोंडेकर: काल इथे कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं, की थायरॉईड वाढलेल्यांनी व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं पाकीट घेत राहावं, गोळ्या आपोआप सुटतील. वर अंगठ्यांची रांग! अहो, ग्रेव्हजमध्ये, म्हणजे थायरॉईड जास्त चालवणाऱ्या आजारात, हाडं आधीच झिजत असतात, त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. काहींचं तर वाढलेलंच असतं. त्यावर न तपासता डी ओतायचं? डेन्मार्कमध्ये ग्रेव्हजच्या रुग्णांना रोज 2800 युनिट देऊन पाहिलं, आजार परत यायचा तो आलाच.

पेडण्याची सून: घाबरवू नका हो भाऊ. माझं रक्तातलं डी 9 होतं, म्हणजे फारच कमी, जिना चढताना मांड्या गळायच्या. डॉक्टरांनीच पाकिटं दिली, आता धावते. डेन्मार्क राहू दे तिकडेच.

फोंडेकर: सोबत कार्बिमाझोलही चालू होतं ना? मांड्या थायरॉईडनेही गळतात. मग श्रेय कुणाचं?

म्हापशाचा मामा: गोव्यात राहून डी कमी म्हणजे कमाल! बांगडा खा, उन्हात फिरा.

बार्देसकारीण: बांगडा? 2018 च्या फॉर्मेलिनच्या घोळानंतर आमची सासू मासळीला हात लावत नाही. आणि जून-जुलैत बंदी, तेव्हा काय खायचं?

म्हापशाचा मामा: फॉर्मेलिनची बोंब बाहेरून आलेल्या मासळीची. ओळखीच्या पागेल्याकडून, म्हणजे मच्छीमाराकडून घ्या! एलईडी दिवे लावून मासळी ओढतात, समुद्र खरवडतात त्यांच्यावर बोला आधी. दिव्यांवरची बंदी कागदावर, दिवे पाण्यावर.

बार्देसकारीण: बोलतेच! इसवणाचा (सुरमईचा) भाव ऐकून धडधड वाढते, त्याला थायरॉईड कशाला हवं?

म्हापशाचा मामा: भाव वाढवले हॉटेलवाल्यांनी. चांगली मासळी त्यांना, आम्हाला उरलेले तारले, स्वस्तातली मासळी.

डिचोलीकर: मासळी मार्केट उठलं असेल तर मूळ विषय घ्या.

फोंडेकर: मामा, 9 चं 30 बांगड्याने होत नाही. स्कूटरवर पूर्ण हाताचं जॅकेट, ऑफिसात काच. काचेतून डी बनवणारी किरणं आत येत नाहीत.

पेडण्याची सून: एक सांगते. माझ्या नणंदेने आठवड्याचं पाकीट रोज घेतलं. तहान, उलट्या, पोट साफ नाही. कॅल्शियम भलतंच वर. तेव्हा तपासा, हे मान्य. पण तुमचं वाचून लोक डी बंदच करतील त्याचं काय?

फोंडेकर: बंद करा असं कुठे लिहिलंय? कमी असेल तर घ्याच, डॉक्टर सांगतील तेवढं, हाडांसाठी. थायरॉईड उतरवायला नव्हे.

पेडण्याची सून: मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, महाराज. अर्धी भांडणं वाचली असती.

म्हापशाचा मामा: आणि एलईडीचं?