मदत हवी आहे: आईची गुडघेदुखी आणि जिनसेंग

मंडळी, भावाने सोलहून लाल जिनसेंगचा (एका औषधी मुळीचा) अर्क आणलाय. आई रोज विचारते, "घेऊ का गं?" म्हणून वाचायला बसले.

वेदनेच्या प्रयोगात उंदराच्या पंजात फॉर्मॅलिन हे झोंबणारं रसायन टोचलं की पहिली 5-10 मिनिटं थेट झोंबतं, मग सुजेची रेंगाळणारी वेदना सुरू होते. जिनसेंगमधल्या जिन्सेनोसाइड नावाच्या घटकांपैकी 'आरएफ'ने ही दुसरी वेदना कमी झाली. शेपटीला चटका दिल्यावर मात्र काहीच फरक नाही. हे द्रव्य चेतापेशींतल्या कॅल्शियम वाहिन्या (कॅल्शियम आत शिरण्याच्या वाटा) रोखतं, हे 1995 मध्येच दिसलं होतं. रेंगाळणारी वेदना म्हणजे आईचीच की! फार आशा वाटली.

पण उंदरांना बऱ्याचदा इंजेक्शन देतात. पोटातून घेतलं तर आतड्यातले जीवाणू जिन्सेनोसाइडांचं रूपच बदलतात. मग अर्काचा उपयोग कितपत?

शिवाय आई वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर) आहे. जिनसेंगने त्याचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून बाटली सध्या कपाटातच आहे.

इथे कुणी फार्मॅकॉलॉजीवाले आहेत का? माणसांच्या गुडघेदुखीवरचे नीट झालेले प्रयोग माहीत आहेत? डॉक्टरांना नेमकं काय विचारू? (अश्वगंधा वेगळी वनस्पती आहे, कृपया तिचे अनुभव नकोत.)