शब्दचर्चा : जुन्या पत्रांतली 'प्रकृती', 'प्यायलाय' आणि 'सुटली'

नमस्कार. आईच्या माहेरची पत्रं सध्या माझ्याकडं आहेत. पत्र्याची एक पेटी भरून निळी आंतरदेशीय पत्रं, पोस्टकार्ड मात्र त्यात एकही नाही, आणि ते का नाही हे वाचत गेले तसं कळलं, कार्ड काय पोस्टमनपासून पारावरच्या माणसापर्यंत कुणीही वाचतो. घर अंबाजोगाईकडचं. आजोबा वकील, शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं, वाड्यावर रोज दहा-बारा पानं जास्तीची, तालुक्यात नाव. भावंडं चार : थोरले मामा, मधले मामा (घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे), पुण्याला दिलेली मावशी आणि सगळ्यात धाकटी माझी आई, ती नांदेडला. आप्पामामा दारू प्यायचे. १९६१ ते १९७९ एवढ्या काळात बाकीच्या तिघांनी एकमेकांना त्याबद्दल लिहिलंय, आणि 'दारू' हा शब्द सगळ्या पेटीत मला चारदा सापडला. बाकी सगळीकडं 'प्रकृती'.

म्हणजे असं : "आप्पाची प्रकृती पोळ्यापासून पुन्हा बिघडली आहे. ती. बाबांस कळवू नये." किंवा "या महिन्यात प्रकृतीस आराम आहे", म्हणजे पीत नाहीत. एका ठिकाणी "प्रकृतीपायी दोन एकर गेले" असंही आहे, ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते.

विचारायचं हे की तुमच्याकडच्या जुन्या पत्रांत 'प्रकृती' अशी वापरलेली कुणी पाहिलीय का, का हे फक्त आमच्या घरातलं होतं?

प्रतिसाद (परभणी) : आमच्याकडं 'तब्येत' म्हणायचे. "काकांची तब्येत आज बरी नाय, बैठकीत जाऊ नका" असं सांगितलं की आम्ही पोरं समजून जायचो. तब्येत मूळची अरबी, तिचा तिथला अर्थ स्वभाव, माणसाचा पिंड. आपल्याकडं येऊन ती आरोग्य झाली. म्हणजे तुमची प्रकृती अन् आमची तब्येत एकाच वाटेनं आल्यात बगा.

माझं उत्तर : तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं, कारण माझ्याकडं याच दोन अर्थांवरून झालेलं भांडण आहे. थोरल्या मामांनी १९६४ मध्ये लिहिलंय, "ती त्याची प्रकृतीच आहे, जन्मास आली ती मेल्याशिवाय जाणार नाही." आईनं उलट लिहिलं, "दादा, प्रकृती म्हणता तर डॉक्टरास का दाखवत नाही?" आई तेव्हा चोवीस वर्षांची होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं दारूचं व्यसन हा आजार म्हणून मानला तो १९५६ मध्ये, आईला ते माहीत असायचं काही कारण नाही. तिनं फक्त घरात लपवायला वापरत होते तो शब्द धरला आणि त्याचा जो अर्थ होता तो खरा मानला. मला तिचा अभिमान वाटतो, तो इथं लिहून ठेवते.

त्याच पत्रात थोरल्या मामांनी 'आपला तळीराम' असं लिहून मग गच्च खोडलंय, उजेडात धरलं की दिसतं. गडकऱ्यांच्या नाटकातलं ते पात्र, १९१९ सालचं, पण पंचेचाळीस वर्षांत ते विशेषनाम राहिलंच नव्हतं, कुठल्याही पिणाऱ्याला चिकटत होतं. हसण्यावारी नेणारा शब्द आहे तो. सख्ख्या भावासाठी लिहिताना हात अडला असणार.

प्रतिसाद : दारू शब्दच बघा ना, फारसीत दारू म्हणजे औषध. दवादारू त्यातूनच आलं. आणि दारूबंदी कायद्यातला पिण्याचा परवाना, ज्याच्यावरून आपण परमिट रूम म्हणतो, तो आरोग्य राखण्यासाठी म्हणूनच दिला जातो.

माझं उत्तर : हो, आणि आजोबांना उर्दू-फारसी चांगली येत होती. त्यांचं एकच पत्र पेटीत आहे, त्यात "आप्पाची दवादारू चालू आहे" एवढंच वाक्य, पुढं शेताचं लिहिलंय. त्यांना यातलं काही कळवायचं नाही असं तिघं सतरा वेळा एकमेकांना बजावतात. मला वाटतं आजोबांना सगळं माहीत होतं.

आता ज्याच्यासाठी मुख्य धागा काढला ते. १९६८, आई मावशीला लिहिते : "आप्पा परत प्यायलाय." मावशीचं उत्तर : "लग्नघर होते, एखाद वेळेस झाले असेल. एवढे मनास लावून घेऊ नये." त्यानंतर चार महिने आईचं पत्र नाही, आणि आलं त्याचा मायना 'ती. ताईस शि. सा. न. वि. वि.' असा नेहमीसारखा नाही, नुसतं 'सा. न. वि. वि.' परक्या माणसाला लिहावं तसं. मी हे बरीच वर्षं मावशीचा कोरडेपणा समजत होते. मग एकदा पुण्यातल्या मैत्रिणीला ते वाक्य वाचून दाखवलं तर ती पण म्हणाली, एकदाच प्यायले ना, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडं 'काय करायलास', 'जेवायलाय', 'पाऊस यायलाय' हे सगळं चालू काळाचं. प्यायलाय म्हणजे पितोय, रोज पितोय. झालेल्या गोष्टीला आपण 'पेलाय' म्हणतो. पुण्याकडं मात्र प्यायलाय म्हणजे प्यायला आहे, पिऊन झालंय, एका वेळेचं. अक्षरं तीच आणि काळ वेगळा. आईनं लिहिलं की भाऊ बुडतोय, तिकडं वाचलं गेलं की भाऊ एकदा घसरला.

प्रतिसाद (लातूर) : ताई, करायलाय-जायलाय बद्दल तुमचं बरोबरच आहे, आमच्यात तर दुसरं रूपच नाही. पण मावशी काय पुण्यात जन्मल्या नव्हत्या. वाड्यावर वाढलेल्या बाईला प्यायलाय कळलं नसंल हे मला पटत नाही.

माझं उत्तर : मलाही ते खटकत होतं, म्हणून रविवारी मावशीला फोन केला. ती आता सत्त्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, पत्रातली ओळ तीनदा मोठ्यानं वाचावी लागली. ती म्हणाली, कळलं होतं गं. सासरी पत्रं सगळ्यांदेखत वाचायची पद्धत होती, सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी पुण्याचा अर्थ सांगितला, आणि उत्तर पण त्यांच्यासमोरच लिहायचं होतं. म्हणजे माझा व्याकरणाचा शोध अर्धाच खरा निघाला. आईला हे शेवटपर्यंत कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

प्रतिसाद : व्यसन शब्द पत्रांत कुठंच नाही का?

माझं उत्तर : एकदाच, आणि तोही संस्कृतातला. आई लिहिते, "उत्सवे व्यसने चैव, हे आपल्याला पाठ करायला लावले होते ना दादा?" त्या सुभाषितात व्यसन म्हणजे संकट, विपत्ती, हा त्या शब्दाचा जुना अर्थ, आणि शेवट 'यस्तिष्ठति स बान्धवः', अशा वेळी जो सोबत उभा राहतो तो भाऊ. तिनं पुढचं काही लिहिलेलं नाही, ओळ अर्धी ठेवलीय. थोरल्या मामांचं पुढचं पत्र पाचव्या दिवसाचं आहे आणि त्यात पहिल्यांदा "औरंगाबादेस नेऊन दाखवतो" असं येतं.

प्रतिसाद (नांदेड) : मी स्वतः नऊ वर्षं झाली पीत नाही, म्हणून लिहितोय. 'तोडली' हा शब्द पत्रांत आहे का? आमच्याकडं तेच म्हणतेत, एकदम तोडली.

माझं उत्तर : आहे ना. १९६६ मध्ये आप्पामामांना माडीवर कोंडून 'तोडायला लावली'. तिसऱ्या रात्री ते भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून ओरडायला लागले, हातपाय थरथरत होते. पत्रात लिहिलंय "बाहेरचे काही असावे", आणि देवऋषी बोलावला.

प्रतिसाद (नांदेड) : बाहेरचं नव्हतं ते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत भास होतात, झटके येतात, माणूस जाऊ पण शकतो. दवाखान्यात औषधं देऊनच बंद करावी लागते. तुमचे मामा वाचले हे नशीब. कुणाच्या घरी असं चालू असंल तर कोंडू नका, हात जोडून सांगतो.

माझं उत्तर : तुमचे मनापासून आभार. आता तुम्हालाच शेवटचं विचारते. आप्पामामांच्या हातचं एकच पत्र आहे, १९७४ चं, आईला : "चार महिने झाले. सुटली आहे." थोरल्या मामांनी म्हणे त्यांना सुनावलं होतं की सोडली म्हण, सुटली काय. मलाही आधी वाटायचं की सुटली म्हणजे जबाबदारी झटकणं, गाडी सुटते, शाळा सुटते, आपलं त्यात काय. पण मग हेही खरं की दारू 'लागते' असंच आपण म्हणतो, त्याला दारू लागली, भूक लागावी तशी, आग लागावी तशी, आणि जे लागलं ते सुटणारच ना, सोडणार कसं?

प्रतिसाद (नांदेड) : मी सोडली म्हणत नाही, भीती वाटते. सुटली पण म्हणत नाही. आमच्या मीटिंगमध्ये आजच्यापुरतं बोलतेत. मी 'आज नाही घेतली' म्हणतो. तुमच्या मामांनी पुढं "आहे" लिहिलंय ना, 'सुटली आहे'. नुसतं 'सुटली' नाही लिहिलं. ते 'आहे' मला कळतं.

माझं उत्तर : मी हे इतक्या वेळा वाचलं आणि त्या 'आहे'कडं बघितलंच नव्हतं. पत्राचा फोटो मावशीला विचारून टाकते, नावं झाकून.