हक्क मिळाला, पण परवाना कुणाकडे?

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगलावर मागितलेल्या हक्काचा, दावा मंजूर झाला की गावाची लढाई संपली, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गावच बघा. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा, आणि त्या परवान्यांचं पुस्तक वनखात्याकडे होतं. २००६ चा वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारी जंगलातली वस्तू, म्हणतो, तर १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांमध्ये मोडत होता. खातं जुन्या कायद्यावर अडून बसलं.

अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. एका गावच्या बांबूसाठी एवढी मोठी माणसं यावी लागली, हे मला फार खुपतं.

गावचे नेते देवाजी तोफा यांच्यासारखी माणसं आणि सर्वसहमतीने निर्णय घ्यायची जुनी सवय तिथे होती, म्हणून गाव टिकलं. तेव्हा दावा मंजूर झालेल्या कुठल्याही गावाबद्दल माझा पहिला प्रश्न असतो: परवान्यावर सही कोण करतं, आणि विक्रीचे पैसे कुणाच्या खात्यात जातात?